जावेची खुडूक कोंबडी आणि माझ्या टर्क्या

माझ्या मोठ्या जावेने मला फसवलं. एका खुडूक कोंबडीला हाताशी धरून फसवलं, आणि वर गावासमोर ती खरी ठरली, मी खोटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी टर्कीच्या पिल्लांबद्दल बरंच काही लिहिणार आहे आणि ते लिहिताना मला मजा येणार आहे. मजा आली म्हणजे राग गेला, असं कुणी समजू नये.

मुरुड आणि आगरदांडा यांच्या मधल्या एका गावात आमची दोघींची घरं शेजारी आहेत. मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. पलीकडे जाऊ राहते. दीर वारले, मुलगा-सून खारघरला, त्यामुळे ती एकटीच असते. तिच्या अंगणात एक जुना फणस आहे. माझ्याकडे फणस नाही, आंबा नाही. माझी वाडी नुसती नारळ-सुपारीची, सगळी झाडं काठीसारखी सरळ. ही झाडांची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येईल.

मी सुरुवात टोपलीतून केली. घरोघरची गावठी अंडी गोळा करायची, सकाळच्या एसटीने मुरुडला जायचं आणि लॉजच्या मागच्या दाराशी उभं राहायचं. आचारी अंडं कानाशी नेऊन हलवून बघत. त्यांनी मागायच्या आधीच मी अंडं पाण्यात टाकून दाखवायची. एकदा एक आचारी फारच घासाघीस करायला लागला, तेव्हा मी टोपलीतलं एकेक अंडं त्याच्या पायरीवर फोडलं आणि म्हटलं, "घ्या, आता फुकट." दुसऱ्या दिवशी त्याने मला चहा पाजला आणि माझा भाव कबूल केला. वाडी, विहिरीवरचा पंप, कोंबड्यांची शेड, सगळं असंच उभं राहिलं. कुणी मला एक कौल दिलं नाही.

तर एका लॉजच्या मालकिणीने मला विचारलं, "डिसेंबरात पाहुणे टर्की मागतात. तू आणून देशील का?" मी टर्की कधी पाहिली नव्हती. "देईन," म्हटलं.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलं की पुढे आत एकाची छोटी वाडी आहे, त्याच्याकडे टर्क्या होत्या. मी भाव करायला गेले आणि तिथे पहिल्यांदा नर पाहिला. शेपूट पंख्यासारखी उघडलेली, पंख जमिनीला घासतायत, आणि चोचीवर एक मांसाची शेंग लोंबतेय. मी बोलायला लागले तेव्हा त्याचं तोंड निळं होतं. मालकाने आपला भाव सांगितला तेव्हा ते लाल झालं. मी माझा भाव सांगितला तर डोकं पांढरंफटक. मला वाटलं, लॉजवाल्यांच्या तोंडावर असं काही असतं तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं. मी मालकाकडे न बघता त्या नराकडेच बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने सांगितलेल्या भावाने माल घेऊन आले.

माल म्हणजे अंडी. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, एका टोकाला निमुळती, अंगावर तपकिरी ठिपके. तो म्हणाला, "उबवायचं मशीन नसंल तर खुडूक कोंबडी बघा. अंगाने मोठी. आणि पिल्लं तुमच्या कोंबड्यांच्या जागेवर सोडू नका, त्या मातीतून त्यांना आजार लागतो. आई म्हणून एक कोंबडी चालंल, कळप न्हाय." परत येताना बोटीच्या इंजिनाच्या धडधडीने अंडी हलतील म्हणून भाताच्या तुसात भरलेली पाटी मी मांडीवर घेऊन बसले. एक बाई म्हणाली, "मावशी, पाटी खाली ठेवा की, कोण नेतंय?" मी म्हटलं, "कोणीच न्हाय नेत, म्हणून तर मांडीवर हाय."

घरी आल्यावर अडचण कळली. माझ्याकडे शेडभर कोंबड्या आणि एकही खुडूक नाही. अंडी विकणाऱ्या माणसाला खुडूक कोंबडी परवडत नाही. कोंबडी अंडी द्यायची थांबून फुगून बसायला लागली की मी तिला गार पाण्याच्या बादलीत दोनदा बुडवते आणि दिवसभर खांबाला बांधून ठेवते. खूळ उतरतं. आमच्या आळीत ही माझीच पद्धत सगळ्यांनी उचलली.

फक्त जाऊ ते करत नसे. तिच्याकडे तेव्हा एकच कोंबडी उरली होती, बाकीच्या मुंगसाने नेल्या. काळी, नागड्या मानेची, आणि वर्षातला अर्धा वेळ खुडूक. खाली अंडं नसलं तरी बसायची. एकदा नारळाच्या शेंडीवर बसली होती. मी गडग्यावरून हसायची, "वैनी, नारळ फुटला का?" ती म्हणायची, "बसू दे गो. तिला बसावंसं वाटतं."

आता त्याच कोंबडीसाठी मी गडग्याशी उभी राहिले. आमच्याकडे रीत अशी, की दुसऱ्याची कोंबडी उबवायला घेतली तर पिल्लं सुटी झाल्यावर कोंबडी परत करायची आणि तिच्या मालकिणीला तिच्या पसंतीचं पिल्लू द्यायचं. जावेने एक जोडी मागितली.

"जोडी कशाला? एक," मी म्हटलं.

"बरं, एक."

मी पुढची घासाघीस तयार करून आले होते. इतक्या लवकर कुणी कबूल झालं की मला खटकतं. त्या दिवशीही खटकलं. पण कोंबडी हातात आली होती आणि अंडी शिळी होत होती.

टर्क्यांची शेड माझ्या कोंबड्यांपासून लांब हवी, म्हणून मी ती वाडीच्या टोकाला, गडग्याला लागून बांधली. पाटाचं पाणी तिथपर्यंत येत नाही. जमिनीपासून वर सुपारीच्या फाळ्यांचा माच, वर नारळाची झापं, चहूबाजूंनी जाळी. सगळ्यांत कोरडी आणि स्वच्छ जागा तीच होती. ती जावेच्या अंगणाला लागून आहे, याचा विचार मी केला नाही. तिने केला असणार.

टर्कीचं अंडं फुटायला कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर जास्त लागतो. आमच्या कोंबड्यांना आपला हिशोब बरोबर कळतो, वेळ झाली की उठतात. ही उठली तर सगळं वाया. मी दिवसातून चारदा जाऊन बघायची. जाऊही गडग्यापाशी येऊन तिच्याशी बोलत बसायची, "बस गो बाय, थोडं ऱ्हायलं." कोंबडी डोळे अर्धे मिटून बसून राहिली. तिची वेळ टळून गेली तरी हलली नाही. शिमग्याचे ढोल वाजत होते त्या सुमाराला पिल्लं निघाली. दोन अंडी पोचट निघाली, बाकी सगळी फुटली.

आणि मग मला कळलं की या पिल्लांना खाणं कळत नाही.

कोंबडीचं पिल्लू अंग वाळलं की टिपायला लागतं. ही लांब पायांवर उभी राहून नुसती बघत. आई चोच आपटून दाणा दाखवतेय, टुक् टुक् बोलावतेय, आणि ही तिच्या तोंडाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत, वर झापाकडे बघतायत. समोर पाणी, आणि उभ्या उभ्या तहानेने मरायची लक्षणं. मी वैतागून माचावरच पाय पसरून बसले. तेवढ्यात एक पिल्लू आलं आणि माझ्या जोडव्यावर चोच मारली. मग दुसरं आलं. मी पाय हलवला, जोडवी चमकली, सगळी धावली.

म्हणजे यांना भूक कळत नव्हती, चमक कळत होती. मी घरात जाऊन जुन्या माळेचे काचेचे मणी आणले आणि पाण्याच्या थाळीत टाकले. मण्यावर चोच मारताना पाणी तोंडात गेलं, मान वर झाली, आणि पिल्लाच्या तोंडावर असा भाव आला की पाण्याचा शोध त्यानेच लावलाय. खाण्यासाठी उकडलेलं अंडं कुस्करलं, त्यात कांद्याची पात बारीक चिरून घातली. पिवळ्यावर हिरवं दिसलं की ती टोचत. आईने शिकवायचं ते निम्मं मी शिकवलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

मला त्यांचा नाद लागला. काम सोडून मी तिथे उभी राहायची. घार वरून गेली की सगळ्यांची डोकी एकाच बाजूला कलंडत, एक डोळा आभाळाला. विमान गेलं तरी तेच, पण विमानाला लवकर विसरत. कुणाच्या शर्टाचं बटण सैल असलं तर ते शोधून काढत. पाटीत ठेवलेली राख अंगावर उडवून झोपत तेव्हा मेल्यासारखी दिसत, आणि पहिल्यांदा ते पाहून मी दिघीच्या माणसाला फोनवर शिव्या घातल्या. तो हसत म्हणाला, "ताई, पाय ओढून बघा." मी पाय ओढला. पिल्लाने डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. संध्याकाळी दिवेलागणीला सगळी पिल्लं खाणं सोडून गडग्याकडे माना करून उभी राहत. तिकडे पश्चिम आहे. मला वाटायचं, सूर्य बघतात. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "संध्या करत असतील."

आषाढाच्या सुमाराला कोंबडी पिल्लांना टोचून दूर करायला लागली. पिल्लं तोपर्यंत तिच्या दुप्पट झाली होती, तिच्या पंखाखाली शिरायला गेली तर तीच उचलली जायची. मी रीतीप्रमाणे कोंबडी परत केली. जावेला म्हटलं, "घ्या, पसंत करा."

तिने एकेकाला निरखून पाहिलं. मग सगळ्यांत बारीक, सगळ्यांत जास्त ओरडणारं उचललं.

"वैनी, ते किरकिरं हाय. दिवसभर बोंबलतं."

"असू दे. घरात कुणीतरी बोलाय पायजे."

मी मनात हसले. माल कळत नाही म्हटलं.

पावसाळाभर माझ्या टर्क्या माचावर, जाळीत होत्या. दसऱ्याआधी ऊन पडलं, जमीन वाळली, तशा मी त्यांना दिवसा मोकळ्या सोडल्या. तोपर्यंत नरांना कंठ फुटला होता. एसटीचा हॉर्न वाजला की सगळे नर एकदम गुडगुडगुड करून उत्तर देत. ड्रायव्हरला ते कळलं, मग तो आमच्या वळणावर उगाचच हॉर्न मारायला लागला आणि अख्खी बस खिडकीतून हसत जाऊ लागली. लॉजच्या मालकिणीला मी निरोप दिला, डिसेंबरचं काम पक्कं.

मोकळ्या सोडल्याच्या तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी सगळ्या टर्क्या गडग्यावर उडाल्या आणि पलीकडे उतरल्या. तिथून फणसावर. मी हाक मारली, ताट वाजवलं, पात दाखवली. वरून एक डोळा माझ्याकडे. सकाळी जाऊन हाकलून आणल्या. संध्याकाळी परत गेल्या. दुसऱ्या दिवशी शेडचं दार लावलं, तर जाळीवर अंग आपटून एकीने पंख रक्ताळून घेतला. दार उघडावं लागलं.

चार दिवसांनी मी जावेला म्हटलं, "माझ्या टर्क्या पाठवा."

"मी धरून ठेवल्यात का? जात असतील तर ने."

"तुम्ही बोलावता."

"मी कशाला बोलवू? माझ्याकडं माझा एक हाय." वर म्हणाली, "आता दारात येऊन बसतात त्यांना काठी मारू का, बाय?"

आमच्या गावात कोंबडीचं भांडण पंचांपुढे जात नाही. चव्हाट्यावर सुटतं. दिवे लागायच्या आधी पक्षी मध्ये सोडायचा, दोन्ही बाजूंनी हात मागे बांधून उभं राहायचं, कुणी बोलवायचं नाही. ज्याच्या दारी जाईल त्याचा. अशाच एका संध्याकाळी मी समोरच्या आळीतून माझा कोंबडा परत मिळवला होता आणि तेव्हा मोठ्याने म्हटलं होतं की पाखरू खोटं बोलत नाही. ते वाक्य गावाने जपून ठेवलं होतं. निवाड्याला गावकीतले म्हातारे काका आले. त्यांनी सुरुवातच तिथून केली.

"काय गो, पाखरू खोटं बोलत न्हाय ना?"

"काका, कोंबडी संध्याकाळी घर बघते. टर्की घर बघत न्हाय, फांदी बघते. उंचावर बसायचं असतं तिला. माझ्या वाडीत सुपाऱ्या. सुपारीवर बसंल कशी?"

"मंग तुझी वाडी बदल. रीत कशाला बदलू?"

लोक हसले. मी तापले, आणि तापले की माझं खरं बोलणंसुद्धा भांडण वाटतं. मी एवढंच मिळवलं की जावेची कोंबडी आणि तिचा किरकिरा नर दोघंही घरात कोंडून ठेवायचे. जाऊ कबूल झाली. परत तशीच, पटकन.

टर्क्या चव्हाट्यावर सोडल्या. आधी त्या कुठेच गेल्या नाहीत. काकांच्या चष्म्याकडे बघितलं. एकीने कुणाच्या तरी पिशवीची चेन ओढून पाहिली. मोठा नर शेपूट उघडून गोल फिरला, निळा झाला, लाल झाला. मग तो माझ्या दिशेने चार पावलं आला. मला त्या वेळी डिसेंबर आठवला नाही, लॉज आठवलं नाही. वाटलं, यानेच पहिल्यांदा माझ्या जोडव्यावर चोच मारली होती. पण ते मला काय ठाऊक, पिल्लं सगळी सारखी होती.

खाडीकडून फेरीबोटीचा भोंगा वाजला. नरांनी उत्तर दिलं. त्या गुडगुडीला लांबून, कोंडलेल्या घरातून, एका किरकिऱ्या आवाजाने उत्तर दिलं. सगळ्या माना तिकडे वळल्या आणि टर्क्या एका रांगेत, घाई न करता, माझ्यासमोरून जावेच्या दारी गेल्या.

"झालं," काका म्हणाले.

मी पुष्कळ दिवस हेच धरून बसले, की फांदी आणि किरकिरा नर यांनी मला हरवलं. तेवढंच असतं तर मी गप्प बसले असते. नशीब म्हणून सोडलं असतं. पण मला एक गोष्ट टोचत होती. फणसावर जायचं तर टर्क्या कधीही गेल्या असत्या, दुपारीही. त्या ठरावीक वेळीच का जात?

मी एका संध्याकाळी मुद्दाम काही काम न करता गडग्याशी बसले. तेव्हा मला ऐकू आलं. टक् टक् टक्, टक् टक्. जाऊ पायरीवर नारळाची करवंटी आपटत होती. कोंबड्यांना खुराड्यात बोलवायची तिची जुनी पद्धत. मी या घरात आले तेव्हापासून तो आवाज रोज येतो, म्हणून मला तो ऐकूच येत नव्हता. पिल्लं माचावर असताना रोज संध्याकाळी तो येत होता. कोंबडी तो ऐकून मान वर करायची आणि टुक् टुक् करायची, आणि पिल्लं तिच्याबरोबर गडग्याकडे तोंड करून उभी राहायची. सूर्य कुणी बघत नव्हतं. मी वाकून गडग्याच्या फटी बघितल्या. माझ्या बाजूला, दगडांच्या मध्ये, उकड्या तांदळाचे दाणे, काही कुजलेले, काही अजून ताजे. मी टर्क्यांना उकडा तांदूळ कधी घातला नाही.

जाऊ बाजाराला गेली होती त्या दिवशी दुपारी मी घरातून करवंटी आणली आणि माझ्या पायरीवर आपटली. टक् टक् टक्, टक् टक्. सगळ्या टर्क्या धावत आल्या, गडग्यावर उडाल्या, माझ्या पायाशी उतरल्या. मोठ्या नराने जोडव्यावर चोच मारली. शेडचं दार उघडं होतं. मी त्यांना आत घालून कडी लावू शकले असते. लावली नाही. गाव म्हणालं असतं, चोरली. मी त्यांना तशाच उभ्या ठेवल्या, जाऊ येईपर्यंत.

ती पिशवी घेऊन गडग्याशी आली, टर्क्यांकडे बघितलं, माझ्या हातातल्या करवंटीकडे बघितलं.

"कोंबडीला बोलवत होते," ती म्हणाली. "माझी कोंबडी तुझ्याकडं. तिला वाटायला नको, घर इसरलं म्हणून. दोन दाणे टाकले तर काय बिघडलं?"

एवढं बोलून ती आत गेली. मागोमाग टर्क्याही गेल्या.

डिसेंबरात लॉजच्या मालकिणीला मी दिघीहून दुसऱ्या आणून दिल्या. जावेने एकही टर्की विकली नाही. त्या तिच्या ओटीवर उभ्या असतात, ती भाजी चिरते आणि त्यांच्याशी बोलते. मादी अंडी द्यायला लागली तेव्हा तिने वाटीत एक अंडं ठेवून गडग्यावरून माझ्याकडे दिलं. मी वाटी तशीच परत ठेवली.

लोक मला सांगतात, जाऊ दे, एकटी बाई आहे. एकटी आहे, मान्य. कोंबडी माझ्याकडे होती तोवर तिने करवंटी वाजवली, तेही मान्य. पण आषाढात मी कोंबडी परत केली. त्यानंतर अख्खा पावसाळा ती कोंबडी तिच्या खुराड्यात, तिच्या पायाशी होती. आणि करवंटी वाजतच राहिली, दाणे माझ्या बाजूला पडतच राहिले.

काकांनी रीत सांगितली, त्यांचं झालं. आता मला रीत नको, उत्तर हवं. वैनी, गडग्याशी या आणि चारचौघांत सांगा. कोंबडी तुमच्या घरात होती. मग माझ्या शेडकडे तोंड करून करवंटी कुणासाठी वाजवत होतात?